बिनलोडाचं मशीन

बिभीषण पगारेने जितक्या लग्नांना हजेरी लावली तितक्या एखाद्या आचाऱ्यानेही लावली नसेल, आणि तरी त्यातल्या एकाही लग्नात त्याने नवरा-नवरीचं तोंड पाहिलं नाही. कारण बिभीषण जनरेटरवाला. मांडव एकीकडे आणि बिभीषण पार दुसरीकडे, उसाच्या बांधाआड नाहीतर एखाद्या बाभळीखाली, डिझेलच्या रिकाम्या कॅनवर बसलेला. मशीनच्या आवाजाचा पाहुण्यांना त्रास नको म्हणून लोक केबल पुरेल तितकं त्याला लांब ढकलत. जेवणाचं ताट त्याच्यापर्यंत पोचायचं तेव्हा जिलेबी संपलेली असायची आणि भात थंड झालेला असायचा. त्याबद्दल त्याने कधी कुरकुर केली नाही. जिलेबी त्याला तशीही आवडत नसे.

आता कुणी म्हणेल, मशीन चालू केलं की झालं, मग माणसाने तिथं बसायचं कशाला? इतर जनरेटरवाले बसत नाहीतच. ते मशीन चालू करून खुशाल पंगतीत जातात. पण बिभीषणचं इंजिन म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. लोड वाढला की आपोआप डिझेल वाढवणारा एक भाग इंजिनात असतो, त्याला गव्हर्नर म्हणतात. बिभीषणच्या इंजिनाचा गव्हर्नर कधीच वारला होता, आणि इंजिन इतकं जुनं की त्याचा सुटा भाग नगरला भंगारातसुद्धा मिळत नव्हता. ढोलकीवर थाप पडली, स्पीकरचा बेस घुमला, की इंजिन बिचारं गुडघ्यात वाकायचं. नेमक्या त्याच वेळी दांडी ओढून त्याला डिझेलचा घोट पाजावा लागे. ते काम बिभीषणचा उजवा हात करी. लोक नवीन मशीन घे म्हणत, तेव्हा तो हात वर करून म्हणे, "ह्यो हाय की गव्हर्नर. ह्याला काय झालंय?"

त्यामुळे त्याला जगातले सगळे कार्यक्रम हाताने कळत. पुढाऱ्याचं भाषण म्हणजे सपाट रस्ता, खुशाल डुलकी काढावी. कीर्तन म्हणजे गावातला रस्ता, मधूनच मृदंगाचा गतिरोधक. आणि वरातीतला डीजे म्हणजे चंदनापुरीचा घाट, हात जराही सोडायची सोय नाही.

त्याच्या बायकोचं, भागिरथीचं गाणंही त्याला असंच हाताने माहीत होतं.

कोल्हारहून श्रीरामपूरकडे निघालं की वाटेत उजव्या हाताला त्यांचं गाव लागतं. दरवर्षी भीमजयंतीला संध्याकाळी प्रवरेकाठच्या मोकळ्या मैदानावर वस्तीचा कार्यक्रम होतो. आजूबाजूच्या गावांतूनही माणसं येतात, विहारापुढच्या अंगणात ती मावत नाहीत. मैदान ऐसपैस, पण तिथे लाईटचा एकही खांब नाही. म्हणजे बिभीषणचं मशीन आलंच. स्टेजवर भागिरथी चार बायका मागे घेऊन उभी राहायची, ढोलकीवर वाल्मिक, पेटीवाला कधी मिळतच नसे. आणि बिभीषण नदीच्या उतारावर, दरडीच्या पलीकडे, मशीनपाशी. लग्न झाल्यापासून हे असंच चाललेलं. भागिरथी स्वतःची गाणी स्वतः जुळवायची. अख्ख्या तालुक्याने ती ऐकली होती, फक्त तिच्या नवऱ्याने नाही.

घरी काय, भाकऱ्या थापताना ती नुसती गुणगुणायची. खड्या आवाजात म्हण म्हटलं की म्हणे, "येड्यासारखं चुलीम्होरं वरडू का?" भाच्याने, कल्याणने, एकदा मोबाईलवर शूटिंग करून आणलं होतं. त्यात सगळं मिळून मशीनची घरघर आणि तिच्यात कुठेतरी डब्यात कोंडलेल्या माशीसारखा तिचा आवाज. एका वर्षी बिभीषणने दांडी दुसऱ्याच्या हातात दिली आणि स्टेजकडे निघाला, तर निम्म्या वाटेत असतानाच वाल्मिकची पहिली थाप पडली आणि मशीन बसलं. दिवे गेले, गाणं तुटलं. त्यानंतर त्याने तो नाद सोडला.

कार्यक्रम संपला की भागिरथी दरवर्षी उतारावर यायची आणि विचारायची, "कसं झालं?"

"लोड बरोबर हुता," बिभीषण सांगायचा.

यावर ती मशीनकडे बघून म्हणायची, "माझी सवत बरी हाय न्हवं? मग झालं." मशीनला ती सवतच म्हणे. बिभीषण हसायचा, पण आत कुठेतरी त्याला ते लागायचं.

यंदा मार्चमध्ये एका सकाळी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवता ठेवता भागिरथी सहज म्हणाली, "औंदा माझं शेवटचं. दम पुरत न्हाई आता. पुढल्या सालापासून वस्तीतल्या पोरी म्हणतील."

बिभीषणने चहा घेतला आणि कप खाली ठेवला. आयुष्यात त्याला फारसं काही हवं नव्हतं. पण बायकोचं गाणं एकदा समोर बसून ऐकावं एवढं त्याला हवं होतं, आणि आता त्याला एकच संध्याकाळ उरली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने श्रीरामपूरची एसटी धरली आणि कल्याणचं दुकान गाठलं. कल्याण इन्व्हर्टर दुरुस्त करी आणि हौसेने साउंडही भाड्याने देई. जयंतीचा साउंड त्याचाच असायचा.

"कल्याण, मशीनबिगर तुझा साउंड चालंल का रं?"

"लाईट कुठून आनायची मग, मामा?"

"ते तूच सांग."

कल्याणने डोकं खाजवलं. मोठा इन्व्हर्टर त्याच्याकडे होता, पण त्याला पाजायला बॅटऱ्या हव्यात, आणि त्याही भरपूर. "ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या गावल्या तर जमंल. दोन-दोनच्या जोड्या लावू. बेस जरा कमी ठेवू. पन मामा, सगळ्या तरन्या बॅटऱ्या पायजेत. एक म्हातारी घुसली की ती बाकीच्यांनाबी खाली बसवती."

"मानसांसारखंच हाय की," बिभीषण म्हणाला, आणि गावात ट्रॅक्टर कुणाकुणाकडे आहेत हे मनातल्या मनात मोजत परत आला.

एप्रिलात ट्रॅक्टरची बॅटरी मागणं म्हणजे सुगीत बैल मागण्यासारखं. नांगरटी चालू असतात. बिभीषण आधी रंगनाथ आबांच्या वस्तीवर गेला. आबांच्या तिन्ही पोरांच्या लग्नांत त्याचं मशीन होतं.

"जय भीम, आबा."

"रामराम. बस. काय काडलंस?"

त्याने सांगितलं. आबांना आधी वाटलं, मशीन बंद पडलं. मशीन ठणठणीत आहे म्हटल्यावर ते जास्तच चक्रावले. "मग बॅटऱ्या कशाला रं?"

बिभीषणला लाज वाटली. साठीला आलेल्या माणसाने असलं कारण सांगायचं कसं? पण थाप मारायला त्याला कधीच जमलं नव्हतं. "आबा, मंडळींचं गानं ऐकायचंय. मशीनपाशी बसून ऐकू येत न्हाई."

आबा खो-खो हसले, आणि हसता हसता उपरणं डोळ्यांना लावलं. "आरं, आमच्या हिला जाऊन चार सालं झाली. ती काय म्हनायची ते मी तरी कुठं ऐकलं?" असं म्हणून त्यांनी गड्याला हाक मारली आणि दोन्ही ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या जयंतीच्या दिवशी दुपारीच खोलून ठेवायला सांगितलं.

पुढचं काम सोपं झालं. आबांनी दिल्या म्हटल्यावर बाकीच्यांनीही दिल्या. एकाने तेवढं "आमची बॅटरीच डाउन हाय" असं सांगितलं, आणि त्याच वेळी त्याचा ट्रॅक्टर मागे धडधडत उभा होता. बिभीषण त्यालाही जय भीम करून आला.

भागिरथीला त्याने यातलं काही सांगितलं नाही. तिला एकदम चकित करायचं होतं.

जयंतीच्या संध्याकाळी ऊन उतरलं, निळ्या पताका वाऱ्यावर फडफडायला लागल्या, आणि कल्याणने स्टेजच्या मागे बॅटऱ्यांची रांग लावून इन्व्हर्टर चालू केला. माईकमधून "हॅलो, हॅलो" आलं. कुठे घरघर नाही, धूर नाही. नदीपलीकडे कुणाची तरी गाय हंबरली तीसुद्धा मैदानावर ऐकू आली. बिभीषणने मशीन आणलं होतं, नाही असं नाही. न जाणो, वेळप्रसंग. शिवाय आजच्या दिवशी त्याला घरी ठेवून यायला त्याचं मन धजेना. नेहमीच्या जागी, दरडीपलीकडे, ते केबलशिवाय नुसतं उभं होतं. बिभीषण मात्र इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत सतरंजीवर येऊन बसला. लोक एकमेकांना कोपराने ढोसून त्याच्याकडे बघू लागले.

वंदना झाली, भाषणं झाली. भागिरथी उठली. नवऱ्याला समोर बसलेला बघून आधी दचकली, मग पदर सारखा करून माईकपुढे आली. तिने यंदासाठी नवीन गाणं जुळवलं होतं.

"चुलीच्या उजेडात गं..." तिने सुरुवात केली आणि थांबली. आवाज फार खाली लागला होता. दुसऱ्यांदा सुरू केलं, तर इतका वर गेला की मागच्या बायकांना धरताच येईना. वाल्मिक ढोलकीवर हात धरून बसला. भागिरथीने पाणी घेतलं. तिसऱ्यांदा ती सुरूच करू शकली नाही. मागच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

कल्याण घाईने मागून वाकला. "मामा, व्होल्टेज बरोबर हाय. माझा फॉल्ट न्हाई."

भागिरथी स्टेजच्या कडेला आली, खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "आवो, मशीन बंद हाय का?"

"व्हय. आज बॅटरीवर हाय सगळं. तुजं गानं ऐकावं म्हनून."

ती कावरीबावरी झाली. "मग मी सूर कशावर धरू?"

इतकी वर्षं माईकपुढे जाण्याआधी ती विचारायची, "मशीन लागलं का?" बिभीषणला वाटायचं, दिव्यांसाठी विचारते. आता त्याच्या लक्षात आलं. पेटी नव्हती, तंबोरा तर कुणी पाहिलाही नव्हता. मशीन लागलं, त्याची घरघर एका ठिकाणी येऊन स्थिरावली, की तिथून ती आपला आवाज उचलायची. तिचं तिलाही हे आजवर कळलं नव्हतं.

तो उठला. त्याला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. आबांपुढे लाज सोडली, गावभर हिंडला, आणि शेवटी जायचं ते दरडीपलीकडेच. पण ती स्टेजवर अशी उभी असताना बसून राहणं त्याच्याने झालं नसतं. "आलोच," म्हणाला, आणि वाळू तुडवत निघाला.

त्याने हँडल मारलं. मशीन खोकलं, उसळलं, आणि त्याने दांडी ओढून त्याला नेहमीच्या जागी आणलं. तोच आवाज. मग सवयीने कॅनवर बसला आणि लोडची वाट बघू लागला. स्टेजवरून भागिरथीचं गाणं सुरू झालेलं त्याला पुसटसं कळलं. ढोलकी वाजत असणार. पण मशीन वाकेना. हाताला काही लागेचना.

आणि लागणार कुठून? केबलच जोडलेली नव्हती. साउंड बॅटऱ्यांवर चालला होता, मशीन नुसतं सुरासाठी. लोडच नाही तर गव्हर्नर हवा कशाला?

बिभीषणने खिशातून सुतळी काढली, दांडी जागच्या जागी घट्ट बांधली आणि भीत भीत हात काढला. मशीन एका सुरात चालत राहिलं. दोन पावलं मागे गेला, तरी चालत राहिलं. मग मात्र तो वळला आणि वहाणा हातात घेऊन वाळूतून अक्षरशः पळत सुटला.

दरड ओलांडली तशी मशीनची घरघर मागे बारीक झाली आणि पुढून गाणं मोठं होत आलं. धापा टाकत तो आपल्या जागेवर येऊन बसला.

"पाटी गिरवली माझ्या लेकरानं," भागिरथी म्हणत होती, "अक्षर तुझं, भीमा, हात त्याचा गं."

आवाज त्याने मनात धरला होता तसा नव्हता. त्याने गोड धरला होता. हा जरा जाड होता, वर चढताना चिरकायचा, आणि ओळीच्या शेवटी श्वास घेतलेलाही ऐकू यायचा. बिभीषणला तो फार आवडला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, त्याने ते पुसलंही नाही. त्याचा उजवा हात मात्र मांडीवर ढोलकीच्या प्रत्येक थापेला दांडी ओढत होता. भागिरथीने ते पाहिलं आणि कडव्याच्या मधेच ती हसली, पण सूर सुटू दिला नाही.

टाळ्या थांबल्यावर ती खाली उतरून त्याच्यापाशी आली. नेहमीसारखंच विचारलं, "कसं झालं?"

बिभीषणने तोंड उघडलं. लोड बरोबर हुता, असं म्हणायची सोय आज नव्हती. त्याने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं.

"पहिल्या दोन ओळी हुकल्या माझ्या," तो म्हणाला. "येईस्तवर झाल्या हुत्या. पुढल्या साली पुन्यांदा म्हनावं लागंल तुला."

भागिरथीने त्याच्या वाळूने भरलेल्या पायांकडे बघितलं.

"बगू," ती म्हणाली. "आदी ते मशीन बंद करा. फुकाट डिझेल जळतंय."

बिभीषण दचकला. मशीन चालू आहे हे तो साफ विसरला होता.