चोकडीत नाग, दारात मी

माझा आवाज मोठा आहे. डिंडोलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीवाला आला की शेवटच्या घरातून मी त्याला हाक मारते, आणि तो थांबतो. लूमच्या खात्यात बॉबिन भरायचं काम केलं, त्याचा हा प्रसाद. सुरतेत लूमच्या कारखान्याला सगळे खातंच म्हणतात. तिथे लूम खडखडत असताना शेजारच्या बाईकडे पाणी मागायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं, आणि एवढं ओरडूनही तिला ऐकू जाईल याची खात्री नसते. पण आमच्या घरात नाग निघाला त्या दिवशी या आवाजाचा मला काडीचाही उपयोग नव्हता.

कारण त्या दिवशी घरात होते ते मामा. मामा म्हणजे माझे सासरे, आम्ही खान्देशातली माणसं सासऱ्याला मामाच म्हणतो. त्यांची सगळी उमर खात्यात गेली आणि कानही तिथेच गेले. माझ्या मुलाने त्यांना कानात घालायचं मशीन आणून दिलं, पण ते म्हणजे त्यांना शिक्षा वाटते. जरा कोणाचं लक्ष नसलं की काढून ठेवतात.

त्यात आमच्या घराची जुनी रीत. सुनेने सासऱ्यासमोर उघड्या डोक्याने यायचं नाही, नजरेला नजर द्यायची नाही, काही सांगायचंच असलं तर दाराआड उभं राहून सांगायचं. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाला ऐकूच येत नाही त्याला दाराआडून काय सांगणार? त्यामुळे आमचं दोघांचं सगळं बोलणं माझ्या नवऱ्याच्या तोंडून चालायचं. मामांना चहा कमी गोड हवा असला तर ते मुलाला सांगत, मुलगा मला सांगे. मी समोर उभी असले तरी.

खात्यात मात्र असं नव्हतं. मला कामाला लावलं ते मामांनीच, तिथे ते मुकादम होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला लूमपासून लांब उभं केलं आणि हाताच्या खुणा शिकवल्या. खात्यात माणसं हातानेच बोलतात. धागा तुटला, पाणी आण, शेठ आला, सगळ्याला खूण. त्यातली एक खूण त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतली. उजवा पंजा छातीसमोर ताठ उभा, बोटं मिटलेली. म्हणजे जागच्या जागी थांब. हात जिथे असेल तिथे, पाय जिथे असेल तिथे. का, कशाला, हे नंतर. आणि तिचा नियम असा की ज्याने हात उभा केला त्यानेच तो खाली करायचा. तोवर शेठ जरी आला तरी कोणी बटणाला बोट लावायचं नाही. खात्याच्या आत आम्ही असे एकमेकांकडे सरळ बघत बोलायचो, आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की माझा पदर डोक्यावर आणि मामा चार पावलं पुढे. ते घरी बसले तेव्हा त्या खुणाही संपल्या.

घरी बसल्यावर त्यांना छंद लागला तो भंगार जमवायचा. आमच्या मागच्या दारी चोकडी आहे. कपडे-भांडी धुवायचा फरशीचा चौकोन, तीन बाजूंनी कमरेएवढी भिंत आणि चौथ्या बाजूला स्वयंपाकघराचं दार. चोकडीच्या मागच्या भिंतीला आतून लागून मामांचा ढीग. मोडक्या लूमची लाकडं, फुटकी खुर्ची, चिंध्यांची पोती. त्यापलीकडे मोकळा प्लॉट, पावसाळाभर पाणी साचलेला, गवत माजलेलं. ढिगात उंदीर झाले होते. मी नवऱ्याला म्हणायची, सांगा त्यांना, उंदराच्या मागे काय येतं ते मला सांगायला लावू नका. तो सांगायचा. मामा म्हणायचे, लागतं. काय लागतं, कशाला लागतं, देवाला ठाऊक. मी भांडी आपटायची. त्यांना तीही ऐकू येत नव्हती.

त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती, चांगलं ऊन पडलं होतं. नवरा पाळीवर, मुलगा कामावर. मामा चोकडीत स्टुलावर बसून आपलं धोतर धूत होते. आपले कपडे ते दुसऱ्या कोणाला धुवू देत नाहीत. तोंड माझ्याकडे, पाठ ढिगाकडे, कानातलं मशीन काढून भिंतीवर ठेवलेलं. मी स्वयंपाकघरात भात चढवून डाळ निवडत होते. ते धुताना मी दारात उभी राहत नसे, तीही रीतच. पण भात बघायला उठले आणि बाजूच्या खिडकीतून माझी नजर गेली.

मामांच्या मागे, लाकडांच्या फटीतून, नाग बाहेर आला होता. अर्धा फरशीवर, अर्धा आत. मामांनी कपडे बडवायचं धोपटणं उचलून धोतरावर हाणलं, तसा त्याने फणा काढला. मामांनी पुन्हा हाणलं. फणा आणखी वर झाला. त्यांच्या उघड्या टाचेपासून तो एका हातावर होता, आणि प्रत्येक धपाट्यासरशी चिडत होता.

ओरडावं तर ऐकणार कोण? धावावं तर माझ्या धावण्याने तो आणखी बिथरणार. आणि हे महाराज धोतर बडवण्यात गुंग, मान वर करायला तयार नाहीत. काय करावं ते सुचेना आणि मग एकदम सुचलं. मी हळूच सरकत दारापर्यंत गेले आणि डोक्यावरचा पदर खाली सोडून दाराच्या मधोमध उभी राहिले. त्यांच्या अगदी समोर.

समोर पाय दिसले तशी त्यांनी मान वर केली. सून दारात, डोकं उघडं, शिवाय टक लावून बघतेय. त्यांच्या कपाळाला आठ्या, तोंड उघडलं शिव्या द्यायला. मी उजवा पंजा छातीसमोर ताठ उभा केला.

मामा थांबले. धोपटणं वर उचललेलं तसंच वर, तोंड उघडं तसंच उघडं. मागे वळून बघितलं नाही, मान हलवली नाही, डोळे माझ्या हातावर. त्यांचा वरचा हात अवघडला, तरी खाली आला नाही. मी मनातल्या मनात त्या नागाला विनवत होते, जा बाबा, जा रे राजा, काही करत नाही आम्ही तुला. धपाटे थांबले तसा फणा हळूहळू उतरला. तो मामांची टाच आणि बादली यांच्या मधून सरकत पुढे आला, भिंतीला लागला, आणि वळसा घालून पुन्हा ढिगाखाली शिरला. शेपटी दिसेनाशी झाली तेव्हा मी पंजा खाली वळवून सावकाश माझ्याकडे ओढला. ये, हळू ये. मामा उठले. गुडघे त्यांचे कधीचेच गेलेत, पण भिंतीला न धरता उठले, आणि एकदाही मागे न बघता माझ्या हाताकडे बघत आत आले. मी दार लावून घेतलं आणि खालच्या फटीत ओलं गोणपाट ठासून बसवलं.

मग मी त्यांना हाताचा फणा करून दाखवला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पण किती वेळ? पाणी प्यायले, आणि कोपऱ्यातली लोखंडी सळई उचलून दाराकडे निघाले. गावाकडे ऊसतोडीत त्यांनी म्हणे किती तरी मारले होते. एवढ्यात शेजारचे धुळ्याकडचे भाऊ आवाज ऐकून आले, म्हणजे माझाच, कारण मी आता मोकळ्या गळ्याने फोनवर सर्पमित्राला पत्ता सांगत होते. भाऊंच्या हातातही पाइप. दोघं शूरवीर.

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. मामा माझ्यासमोर उभे होते, पण बोलले भाऊंशी.

"हिले बाजूले व्हवाले सांग."

भाऊंनी मला सांगितलं, वहिनी, जरा बाजूला व्हा. मी म्हटलं, नाही होणार. तो तिकडे ढिगाखाली आहे, त्याला कोणी छेडत नाही तोवर तो कोणाचं काही बिघडवत नाही. तुम्ही चोकडीत जाऊन लाकडं उपसणार, ज्यांना चार पावलं धड टाकता येत नाहीत ते म्हातारे तुमच्याबरोबर येणार, आणि मग सिव्हिलमध्ये धावायचं कोणी? एवढं जिवाच्या आकांताने बाहेर काढलेलं माणूस मी परत तिथे सोडू? डोकं फिरलंय का माझं? भाऊंनी पाइप खाली टेकवला. फिनेल ओतून बघू, मिरच्यांचा धूर करू, असं पुटपुटले, तेही मी होऊ दिलं नाही. बिथरून तो शेजारच्या घरात शिरला तर?

मामांना यातलं अक्षर ऐकू गेलं नव्हतं. मशीन बाहेर भिंतीवर राहिलेलं. त्यांनी सळईने मला बाजूला हो अशी खूण केली. माझा संताप संताप झाला, आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी पुन्हा पंजा उभा केला. नजरेला नजर देऊन.

मामा बघत राहिले. नियम त्यांचाच होता. त्यांच्या तोंडाची हालचाल झाली, बहुतेक शिवीच असावी, पण पाऊल पुढे पडलं नाही. ते मागे सरले आणि सळई मांडीवर आडवी घेऊन खाटेवर बसले.

सर्पमित्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून यायचा होता. तोवर मी पंजा तसाच उभा ठेवून खिडकीला डोळा लावून बसले. फोनवर त्याने एवढंच बजावलं होतं, जवळ जाऊ नका आणि नजर हटवू नका. तो कुठे आहे ते माहीत असलं तर पकडता येतो, नजरेआड गेला तर घरभर शोधावा लागतो. भात गॅसवर करपला, करपू दिला. पाठीमागे गल्लीतली माणसं जमली, सल्ले सुरू झाले. मी वळले नाही. मधूनच एकदा हात खाली आला होता, मामा खाटेवरून उठताना काचेत दिसले, तसा परत वर केला.

सर्पमित्र आला. त्याने सगळ्यांना लांब केलं, लांब आकड्याने एकेक लाकूड बाजूला सारलं, आणि नाग नीट, न दुखावता बरणीत घेतला. जाताना म्हणाला, हा ढीग हलवा, मोरीच्या पाइपला जाळी बसवा, उंदीर संपवा. झाकण लागलेलं मी डोळ्यांनी बघितलं आणि हात खाली केला. तेव्हा कुठे मामांनी सळई कोपऱ्यात ठेवली. आणि मग मी तिथेच ओट्याला धरून खाली बसले आणि रडले.

रात्री नवऱ्याने दोघांचंही ऐकून घेतलं, वेगवेगळं. मामा त्याला काय म्हणाले ते त्याने मला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मामा चोकडीच्या दाराशी उभे, पायात माझ्या मुलाचे जुने बूट, हातात लांब बांबू. ढीग हलवायला निघाले होते. मी पदर खोचला आणि मागून गेले. लाकडं ते बांबूने लोटत, मी उचलून बाहेर नेत होते. ऊन चढलं. माझा पदर कधीचाच डोक्यावरून घसरला होता, आणि आता लवकर उरकावं म्हणून मी वाकले आणि चिंध्यांच्या पोत्याकडे हात नेला.

समोर मामांचा पंजा उभा राहिला.

मी होते तशी थांबले. वाकलेली, हात अर्ध्यात. त्यांनी दुसऱ्या हाताने बांबू पोत्याखाली घालून ते लांबून कलतं केलं, झटकलं, पुन्हा झटकलं. चिंध्या पडल्या, उंदरांनी कुरतडलेला कापूस पडला, दुसरं काही नव्हतं. माझी कंबर भरून आली. तरी त्यांचा हात खाली येईना. पोत्यामागची फट त्यांनी बांबूने शेवटपर्यंत चाचपून बघितली. मग पंजा खाली केला, आणि माझ्याकडे बघत, भाऊंना नाही, मुलाला नाही, मलाच म्हणाले,

"आते उचल."

मी पोतं उचललं.