तिफणीशेजारचं चित्र

अमरावतीला कॉलेजात असताना मी अकोल्याच्या शेती आणि कलेच्या प्रदर्शनाला एक चित्र पाठवलं होतं. त्यात माझंच रंगकामाचं सामान मांडलं होतं: रंग कालवायच्या नारळाच्या दोन नरोट्या, गेरूचा खडा, निळीची पुडी, बाभळीचा डिंक आणि खारीच्या केसांचा कुंचला. मागे नाव लिहिलं, ‘माझी अवजारे’. आमच्या शेतकऱ्याच्या घरात कामाच्या वस्तूला दुसरा शब्द नव्हता.

चित्रं पारखायला मुंबईचे एक चित्रकार येणार होते. त्यांना चित्र आवडलं तर ते कलाशाळेसाठी शिफारस करतील, असं आमच्या ड्रॉइंग मास्तरांनी सांगितलं होतं. कागदही त्यांनीच दिला होता. ते उपकार मी विसरलेलो नाही.

वडील परतवाड्याहून मुद्दाम आले. चित्रांचं दालन आम्ही भिंत न् भिंत पाहिलं. माझं चित्र नव्हतं. सापडलं ते शेतकी दालनात, पेरणीची तिफण आणि वखर यांच्या मधे, खिळ्याला टांगलेलं.

वडील बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “पयला नंबर आला तं बैलजोडी देतीन का तुले?”

मला हसू आलं नाही. मी व्यवस्थापकांना गाठून तिथे आणलं.

“नाव अवजारे, म्हणून अवजारांत लावलं,” ते म्हणाले.

“अहो, पण ते चित्र आहे. तिकडे नांगराचं चित्र चित्रांतच लावलंय ना?”

“ते तैलचित्र आहे. चौकटीतलं.” मग माझ्या चित्राकडे पहिल्यांदाच नजर टाकून ते म्हणाले, “आणि नरोट्या कुठला चित्रकार वापरतो?”

“मी वापरतो. मुंबईच्या पाहुण्यांना एकदा दाखवा तरी.”

“ते सकाळीच परत गेले.”

मी त्यांचा पत्ता मागितला. एवढ्यासाठी त्यांना त्रास द्यायचा नसतो, असं मला समजावण्यात आलं. वडील तोवर चित्र खिळ्यावरून उतरवत होते. प्रदर्शन संपेपर्यंत काही काढता येत नाही, असं व्यवस्थापकांनी बजावलं.

“यानं पेरनी होत असन तं ठेवतो,” वडील म्हणाले आणि चित्र काखेत मारून चालू लागले.

पुढे मी बी. ए. झालो, घराण्यातला पहिलाच. शिकवणाऱ्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. पण कलाशाळा राहून गेली, आणि ती माझ्या हाताच्या दोषानं नव्हे. मागची बाजू वाचून पुढची न पाहणाऱ्या त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. चित्र आज माझ्या घरात आहे. चौकट केली. नाव मात्र तेच ठेवलं.