शाळेआधीचं ताट

आर्वीच्या शाळेत पाढे म्हणवून घेता घेता मी फळ्यापाशी धाडकन पडले. महिन्यात दुसऱ्यांदा. हेडमास्तर म्हणाले, "बाई, पुन्हा असं झालं तर मला वर कळवावं लागेल." पन्नास सालानंतरचे ते दिवस. लग्न झाल्यावर घरात भांडून मिळवलेली ही नोकरी. मी हादरलेच.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "जेवतेस कधी?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"म्हणजे कधी?"

मला सांगताच येईना. पहाटेपासून मी चुलीपुढे. सासरे, नवरा, दीर जेवून उठेपर्यंत शाळेची वेळ व्हायची. मग रात्रीची शिळी भाकर उभ्यानं तोंडात कोंबायची, नाहीतर तसंच पळायचं. बाई चिडल्या. "औषध देते, पण रोज शाळेआधी बसून गरम जेवायचं. वरण, पालेभाजी. एवढंही जमत नसेल तर परत येऊ नकोस."

सासूबाईंनी ऐकून कपाळावर हात मारला. "मानसांच्या आंधी बाई जेवते काय वं? लोक काय म्हनतीन?"

मी जात्याच तिखट. "लोक येनार हायेत काय माह्या वर्गावर?"

नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "जेवू दे तिले."

आठ दिवस घरात नुसती भांड्यांची आदळआपट. सासूबाई माझ्याशी बोलेनात. मला रडू यायचं, पण ठरल्या वेळी मी ताट घेऊन बसायचेच. महिनाभरात फरक पडला. शाळेला जाताना दम लागून वाटेतल्या पुलावर टेकावं लागायचं, तेही थांबलं.

आणि एका सकाळी सासूबाईच विहिरीपाशी भोवळ येऊन मटकन बसल्या. दुसऱ्या दिवशी मी दोन ताटं मांडली.

"मले नाई भूक," त्या म्हणाल्या.

माझं डोकं सणकलं. "तुमी बसल्या नाई तं मी बी नाई बसत. पडली शाळेत तं पडली, गेली नवकरी तं गेली!"

माझ्या नोकरीपायी बसल्या बिचाऱ्या. तव्यावरची भाकर मी त्यांच्या ताटात टाकली. त्यांनी हात लावला आणि चटका बसला तसा मागे घेतला. मग फुंकर मारून एक घास खाल्ला.

"गरम भाकर अशी लागते," त्या हळूच म्हणाल्या, "इसरूनच गेलती वं मी."

इतके दिवस मी त्यांच्याशी भांडत होते, पण त्या कधी जेवतात हे मीही कधी विचारलं नव्हतं. फार लाज वाटली मला. दुसरी भाकर माझी होती, तीही मी त्यांच्याच ताटात टाकली.