रुखवत मोडताना

२१ नोव्हेंबर. आज रुखवत मोडायला बसले. गौरीचं लग्न मोडल्याचं मुलाकडच्यांनी परवा फोनवर कळवलं. आमच्या मजल्यावर अजून कुणाला माहीत नाही. साखरेचं तुळशीवृंदावन, चिरोट्यांचं कमळ, लाडवांचा मनोरा. मुंग्या लागण्याआधी सगळं उरकायला हवं होतं.

"मोडलं म्हणू नये, वहिनी. लांबलं म्हणावं," नणंद म्हणाली.

"किती लांबलं म्हणू, आत्या?" गौरीने विचारलं. "तो दुसरीकडे साखरपुडा करतोय." आणि मनोऱ्यावरचा लाडू काढून तिने आत्याच्या हातात ठेवला.

वृंदावन हाताने मोडेना, बत्ता आणावा लागला. झोप मोडते, नोट मोडतो, भीड मोडते, लोकांच्या नावाने बोटं मोडतो. सुट्टे पैसे करायला जो शब्द चालतो तोच मन मोडायलाही चालतो. मग माझ्यात काय मोडलं, ते चाचपून पाहिलं. हाताला काहीच लागलं नाही. बत्ता मारत राहिले.

"आई, लोकांना मी नाही सांगणार," गौरी म्हणाली. "मला जमणार नाही."

२२ नोव्हेंबर. आज सकाळी ताटल्या भरून मी मजल्यावरची दारं वाजवली. समोरच्या वहिनींनी रुमाल उचलून पाहिलं.

"अहो, लग्नाआधीच फराळ?"

"लग्न मोडलं," मी म्हणाले. "चिरोटे आजच संपवा, उद्या मऊ पडतील." आणि पुढच्या दाराची बेल दाबली.