वाऱ्याचा तुंबा

सिंदेवाहीजवळच्या त्या गावात मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, नाटक झालं नाही, तर मंडई झाली असं कोणी मानत नाही. लटारूभाऊ निकुरे मिसरूड फुटल्यापासून त्या नाटकांत होते. कधी शिपाई, कधी नोकर. दोन वाक्यं बोलायची आणि विंगेत जायचं. खास त्यांच्यासाठी टाळी अशी कधी पडलीच नव्हती. एकदा तरी पडावी एवढीच हौस, आणि आता गुडघे दुखायला लागले होते.

यंदा शाळेतल्या रंजीताबाईंनी द्रव इंधनाच्या पहिल्या रॉकेटवर नाटक लिहिलं. शंभरेक वर्षांपूर्वी ते जेमतेम उडून कोबीच्या शेतात पडलं होतं. गावातल्या तरण्या प्रफुलला पेट्रोलची भूमिका मिळाली. लाल कोट, गाणं, सगळं. लटारूभाऊंना मिळाला ऑक्सिजन.

"पेट्रोल सर्व्यायले समजते, भाऊ. पन तुमी कोन?" प्रफुल चिडवायचा.

लटारूभाऊंनी बाईंनाच विचारलं.

"जाळाले हवा लागते ना, भाऊ? वर आभाळात हवा नाई. मंग रॉकेट ते सोबतच नेते. जुन्या अग्निबाणांच्या दारूत हे काम सोऱ्याचा खार करे. इथी तुमी."

कळलं. पण ओळ अवघड होती: 'मी ऑक्सिडीकारक, माझ्याविना ज्वलन अशक्य.' धानाचे भारे बांधताना ते ती घोकत राहिले.

मंडईच्या संध्याकाळी प्रफुल गाणं म्हणत आभाळाकडे झेपावला आणि ठरल्याप्रमाणे धापा टाकत कोसळला. लटारूभाऊ पुढे झाले. "मी ऑक्सि..." पुढचं काही केल्या आठवेना. बाई विंगेतून सांगत होत्या, ते लाउडस्पीकरच्या खरखरीत ऐकू येईना. मागून शिटी वाजली. समोर बाया बसलेल्या, सुक्या भोपळ्याच्या तुंब्यात पाणी घेऊन रानात मोहफुलं वेचायला जाणाऱ्या. त्यांच्याकडे पाहता पाहता तोंडातून निघून गेलं,

"काऊन रे, रानात निंगाला तं पान्याचा तुंबा घेतला का?"

प्रफुल पडल्या पडल्या खरंच गोंधळला. "नाई."

"मंग? रानात विहीर नाई, तसा वर वाराई नाई. तू कितीई भडक, वाऱ्याबिगर इझून जाशीन. मी तुया वाऱ्याचा तुंबा आहो. घे मले पाठीवर."

प्रफुलनं त्यांना पाठीवर घेतलं आणि मंचभर धावला.

"म्हंजे लाल कोटवाला एकटा काई कामाचा नाई," पुढे बसलेली सोमारीबाई शेजारणीला म्हणाली. मग हशा उसळला, टाळ्या थांबेनात, आणि 'वन्स मोअर' सुरू झालं. गावात ते आजवर गाण्यालाच मिळायचं.

दोघं पुन्हा जागेवर आले. आता लटारूभाऊंना ओळ लख्ख आठवली. ताठ उभे राहून त्यांनी सुरुवात केली, "मी ऑक्सिडीकारक..."

"ते नोको, भाऊ," मागून आवाज आला. "तुंब्याचं सांगा."

त्यांनी विंगेकडे पाहिलं. बाई नाटकाचे कागद काखेत मारून टाळ्या वाजवत होत्या.

लटारूभाऊ सावकाश प्रफुलकडे वळले.

"काऊन रे..."