दर्शनी भिंतीवरचा नकाशा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसते.

आमच्या नेरळच्या घरात दर्शनी भिंतीवर उल्हास खोऱ्याचा एक जुना नकाशा आहे. इंग्रजी अमलातला, कापडावर चिकटवलेला. नदी निळी, जंगल हिरवं, डोंगराच्या रेषा इतक्या बारीक की बघत राहावं. पाहुणे विचारतात, कुठून मिळवला? मी म्हणतो, जुन्या बाजारातून. खोटं. मी एका सरकारी कचेरीत जुनी दप्तरं सांभाळायचो, तिथून तो उचलला. वाळवी खाईल, त्यापेक्षा माझ्याकडे बरा — अशी स्वतःची समजूत घातली. एवढ्यावर भागलं असतं तर आज लिहायला बसलो नसतो. चोर तर चोर.

पण मग कमळू आला. डोंगरावरच्या एका ठाकरवाडीतला म्हातारा. वाडीने वनहक्काचा दावा केला होता आणि वाडी जुनी असल्याचा कागद हवा होता.

"नकाशा हाय साहेब," तो म्हणाला. "गोऱ्या साहेबानं डोंगर मोजला तवा साखळी माज्या आज्यानं धरली व्हती."

खरंच होतं ते. नदीच्या वळणावरच्या डोंगरात सात काळे ठिपके आहेत, म्हणजे सात घरं, शेजारी वाडीचं नाव. मी ते कितीदा वाचलंय — चहा पिता पिता.

मी काय केलं? शोधतो म्हणालो. तो चार वेळा आला. चारही वेळा मी त्याच्यादेखत कपाटं उघडली, दप्तरं सोडली, हात धुळीने माखून घेतले. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. नकाशा परत नेला तर कुणीतरी विचारणार, इतके दिवस कुठे होता? भीती एवढीच होती. लाज वाटते — एवढीशीच होती.

दावा फेटाळला गेला. पुरावा अपुरा. वाडीची नाचणीची शेतं तारेच्या कुंपणाआड गेली.

पुढच्या मे महिन्यात कमळू पत्ता विचारत घरी आला. पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन. "गावला नाय, पर तुमी लय शोधलात."

मी दार अर्धंच उघडलं आणि फटीत उभा राहिलो. त्याला वाचता येत नव्हतं. नकाशा दिसला असता तरी काय कळणार होतं त्याला? तरी मी त्याला आत ये म्हणालो नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही.

करवंदं गोड होती. मी सगळी खाल्ली.