जवळ्याची फिल्म

आमच्या शाळेत मुलांना मोबाईल आणायला सक्त बंदी आहे. आणि त्याच शाळेत फर्मान निघालं, की मुलांनी मोबाईलवर दोन मिनिटांची फिल्म करून आपल्या घरची गोष्ट सांगायची. हे जमवायचं कसं, ते बाईंनी बघावं! सहावीची बाई मी. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये सडत ट्रेनिंगला गेले, चकचकीत स्लाइड बघितल्या, वडापाव खाल्ला आणि होते तशीच परत आले.

एका मुलीसाठी मात्र मी सगळं गोड मानून घेतलं. ती वर्गात तोंडच उघडायची नाही. कधीतरी कुणीतरी तिच्या आगरी बोलण्याला हसलं होतं, तेव्हापासून नुसती मान हलवायची. तिची फिल्म मी शाळेच्या फाटकाशी, तिच्या आईच्या फोनवर पाहिली. बंगल्याच्या गच्चीवर आई सुका जवळा, ती बारीक कोळंबी, निवडतेय आणि फोन धरून ही अखंड बोलतेय. कचरा कसा काढायचा, ऊन किती द्यायचं, सगळं. मध्येच, "आय, ती टॉवरमधली बाई बग, वास आला, खिरकी लावली!" आणि दोघी खो खो हसतात. मला तिथेच भरून आलं. "याला हात लावू नका, आहे तशीच पाठवा," मी आईला बजावलं.

घरच्यांना भलताच आनंद झाला आणि तिथेच माशी शिंकली. काकांनी फिल्म हळदीचे व्हिडिओ काढणाऱ्याकडे नेली. त्यांच्या गावात हळदीला ड्रोन उडतो, मग पोरीची फिल्म साधी कशी जाणार? आली ती अशी: आकाशातून बंगला, सोनेरी अक्षरांत घराण्याचं नाव, पाकळ्यांचा पाऊस, दणदणीत गाणं आणि नवी साडी नेसून स्लो मोशनमध्ये हसणारी आई. पोरीचा आवाज कुठेच नाही.

मी तडक काकांना फोन लावला, पोरीचा आवाज का काढला म्हणून विचारलं.

"बाई, मागं कावलं वरडत होतं. आनि वासाचा कशाला दाखवाचा? घराचा नाव हाय आपला."

"आधीची फिल्म कुठाय?"

"फोन भरलेला ना, उडवली ती."

इतक्या प्रेमाने केलेली नासाडी! ओरडायचं तरी कुणावर? मी टेबलावर डस्टर आपटला. त्याने काय होणार होतं म्हणा.

वर्गात प्रोजेक्टरवर सगळ्यांत जास्त टाळ्या त्याच फिल्मला. मोठ्या बाईंनी तर उभ्या उभ्या पहिला नंबर देऊन टाकला. माझं डोकं फिरलं. मी गाणं बंद केलं, फिल्म पुन्हा लावली आणि तिला पुढे बोलावलं.

"आता तू बोल. आईच्या फोनवर बोललीस ना, तसंच."

ती खरंच उठून आली. तिने पडद्याकडे पाहिलं, तिथे आईच्या साडीवर पाकळ्या पडत होत्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बाई, याच्यान जवला कुठं हाय? कशावर बोलू?"